बाईसाहेब आरवल्या

१

बाईसाहेब आरवल्या तेव्हा भाची चहाचा पहिला घोट घेत होती. दुसरा घोट तिच्या पांढऱ्या डगल्यावर गेला आणि ती स्वतः जिन्यावर.

तिला भाची म्हणायचं कारण असं, की या गोष्टीत पुढे तिचा मामा येतो आणि तो आल्यापासून संस्थेत सगळेच तिला भाची म्हणायला लागले. एरवी तिला चांगली लांबलचक पदवी होती. पक्ष्यांच्या गर्भात जननपेशी कुठून निघतात आणि कुठे पोचतात, हा तिचा विषय. बाईसाहेब म्हणजे तिची कोंबडी. काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, आणि चालण्यात असा तोरा, की दाणे टाकणारे दादासुद्धा बाजूला होऊन "या, बाईसाहेब" म्हणायचे.

कोंबडी आरवत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. भाचीकडे पदवी होती म्हणून तिला धसका जरा सविस्तर बसला, एवढंच.

आजारी पक्ष्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाईसाहेबांना खोकला झाला म्हणून मोठ्या साहेबांनी त्यांना तिथे एकटं ठेवलं होतं. साथ पसरू नये म्हणून आत जायला सगळ्यांना बंदी. दादा भिंतीतल्या झरोक्यातून दाण्याची वाटी आत सरकवायचे. झरोका वाटीपुरताच, त्यातून दिसायची ती समोरची भिंत. भाची गेले कित्येक आठवडे दाराला कान लावून परत जात होती. खोकला थांबलेला ऐकून तिला बरंच वाटलं होतं.

किल्ल्या दोनच. एक साहेबांकडे, दुसरी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि दार उघडलं.

दांडीवर कोंबडा बसला होता. तुरा लालभडक, शेपटीची पिसं कोयत्यासारखी वळलेली, अंग धुतल्यासारखं उजळ. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मान ताणली आणि पुन्हा एकदा आरवला.

"चोरी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोंबडी पळवली आणि हा ठेवला."

 भाचीचं लक्ष कोंबड्याच्या डाव्या पायाकडे होतं. पायात बाईसाहेबांचं निळं कडं होतं.

२

"चोरी वगैरे काही नाही," मोठे साहेब दारातून म्हणाले.

मोठे साहेब संस्थेचे प्रमुख. आयुष्यभर अंड्यातले गर्भ कापून काचेवर ठेवलेले, त्यामुळे माणसांकडेही ते काचेवर ठेवल्यासारखं पाहायचे. त्यांनी घसा साफ केला.

"कोंबडीच्या गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखीच जागा तयार होते. पुढे डावीकडे अंडाशय वाढतं, उजवीकडचं खुरटं राहतं. आता समजा, डावं अंडाशय आजाराने सुकलं. त्याचा रस थांबला. मग उजवीकडचं झोपलेलं जागं होतं, आणि ते अंडाशय म्हणून नाही, वृषणासारखं वाढतं. आधी तुरा लाल होतो. मग जुनी पिसं गळून नरासारखी पिसं येतात. मग पायामागे काटा. मग आवाज. कडं बघा ना, तेच आहे. बाईसाहेब इथेच आहेत. फक्त..." त्यांनी योग्य शब्द शोधला. "पदोन्नती झाली."

कोंबडा दांडीवरून उतरला आणि डॉक्टरीणबाईंच्या बुटाच्या नाडीवर तुटून पडला.

"आणि उद्या प्रयोग तपासायला समिती येणार, तिला काय दाखवायचं?" बूट सोडवत बाईंनी विचारलं.

"हेच. प्रयोग फसला, निसर्गापुढे इलाज नाही. तोवर याला कुणी सुई लावायची नाही. आधीच धक्का बसलाय बिचाऱ्याला. बिचारीला. ते काय असेल ते."

"मला विचाराल तर या दादांना विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोंबड्यांशी दिवसभर संबंध कुणाचा? उद्यापर्यंत खुलासा झाला नाही तर मी समितीला त्यांचंच नाव सांगणार. आणि तोवर त्यांनी या व्हरांड्यात पाऊल टाकायचं नाही."

भाची आपल्या खोलीत परत आली. बसली, उठली, पुन्हा बसली. हाताला चाळा म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरची धूळ झटकायला लागली. त्यासाठी ती बाईसाहेबांच्या पंखाचं एक गळलेलं पीस वापरायची. काळंभोर, त्यावर पांढऱ्या रेघा, जणू घाईघाईने आखलेल्या. भिंग कधीच लख्ख झालं होतं, तरी तिचा हात थांबेना.

साहेबांचं शास्त्र खरं होतं. दुःख तेच होतं. असं क्वचित का होईना, घडतं. घडलं असेल तर तिचं सगळं काम मातीत. घडलं नसेल तर दादांची नोकरी जाणार आणि बाईसाहेब कुणाच्या तरी पातेल्यात.

तिने फोन उचलला.

"मामा, तू येतोस का? एक वस्तू हरवलीय."

"वर्णन सांग," पलीकडून लगेच आवाज आला.

३

मामाने सगळी नोकरी रेल्वेच्या हरवल्या-सापडल्याच्या कचेरीत केली होती. छत्र्या, डबे, चपलेचे एकेक पाय, एकदा तर कवळी. खिडकीशी येणारा माणूस वस्तूचा खरा मालक आहे की नुसता हपापलेला, हे ओळखायचं, यातच त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावरही लग्नात कुणी त्याला जावई दाखवला, की तो "ओळखीची खूण काय?" असं विचारायचा.

"आधी मला सांग, ही कोंबडी एवढी खास का?" येतायेताच त्याने विचारलं. "आणि बस की जरा. बाटलीत कोंडलेल्या माशीसारखी काय फिरतेस?"

भाची बसली नाही. फिरतफिरतच बोलली.

"करडी नावाची एक कोंबड्यांची जात होती. राखेसारखा रंग. ती संपली. शेवटच्या कोंबडीचं शेवटचं अंडं माझ्याकडे आलं. त्यातला गर्भ अशक्त होता, जगणार नव्हता. पण गर्भ अगदी लहान असतो ना, तेव्हा जननपेशी अजून आपल्या जागी पोचलेल्या नसतात. त्या तयार होतात भलतीकडेच, गर्भाच्या डोक्यापुढे. मग रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर वाहत वाहत जिथे पुढे अंडाशय होणार तिथे बरोबर थांबतात."

"होणार? म्हणजे त्या पोचतात तेव्हा अंडाशय नसतं?"

"नसतं. नुसती जागा असते."

"स्टेशन बांधायच्या आधी प्रवासी उतरलेत," मामा म्हणाला. त्याला ते आवडलं. "मग?"

"मग मी त्या गर्भाच्या रक्ताचा थेंब घेतला, पेशींसकट. दुसऱ्या एका साध्या पट्टेरी कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडली, आतल्या गर्भाच्या रक्तात तो सोडला, खिडकी बंद केली. त्या अंड्यातून बाईसाहेब निघाल्या. वरून साधी पट्टेरी कोंबडी. आत करड्यांचं बी. शेवटच्या करड्या कोंबड्याचं वीर्य गोठवून ठेवलंय. बाईसाहेबांनी अंडी घातली असती, तर करडी पिल्लं निघाली असती. आता अंड्यावर येणारच होत्या."

"मग समितीला काय हवंय?"

भाची थांबली. "बाईसाहेबांच्या अंडाशयाचे काप. पेशी खरंच तिथे पोचल्यात का ते समितीला डोळ्यांनी पाहायचंय. मी हातापाया पडले, थांबा म्हटलं, पिल्लंच सांगतील. साहेबांनी सही केली."

"म्हणजे वस्तू आत आहे का ते बघायला पेटीच जाळायची." मामाने डोकं खाजवलं. "मग खरं सांग पोरी, तूच नाही ना लपवलीस?"

"मामा!"

"बरं बरं. सवय आहे. पहिला संशय तक्रार करणाऱ्यावर."

दोघं आजारी खोलीत गेले. मामा उकिडवा बसून फरशी पाहत राहिला. कोंबड्याने त्याच्या बुटाची नाडी ओढून ओढून सोडवली. मामाने ओरडायच्या ऐवजी त्याच्या पंखातलं एक गळलेलं पीस उचललं आणि खिशात टाकलं.

"ऐक," तो म्हणाला. "ज्याची छत्री खरंच हरवलेली असते, त्याला ती नीट आठवत नाही. 'काळी होती, म्हणजे निळी असेल, मूठ वाकडी, नाही, बायकोच्या छत्रीची वाकडी.' असा गोंधळ उडाला की द्यायची. आणि जो मुठीपासून काड्यांपर्यंत सगळं घडाघडा सांगतो, त्याने ती आधी नीट बघून ठेवलेली असते. आता मला एकेकाकडून वर्णन ऐकू दे."

४

पहिले दादा. मोठ्या पिंजराघरात झाडू मारत होते, पण एकच फरशी पुन्हा पुन्हा.

"दादा, बाईसाहेब कशा दिसायच्या?" मामाने विचारलं.

"कशा म्हणजे..." दादा गडबडले. "काळ्या. पांढऱ्या. दोन्ही. डोळे असे, आपण चुकलोय असं वाटायला लावणारे. ताई, मी नाही हो काही केलं. मला आत जायलाच मिळालं नाही. त्या झरोक्यातून माझा हात जाईना, कोंबडी कुठली येणार बाहेर?"

"तुमच्याकडे बाकी सगळं ठीक?"

"ठीकच. शांतता आहे. आमचा हवालदार दिसत नाही ना हल्ली."

"कोण हवालदार?"

"एक नर होता, भांडकुदळ. सगळ्यांच्या पायांत शिरायचा. मला वाटलं डॉक्टरीणबाईंनी नेला असेल कशासाठी तरी. मी कशाला विचारू? परत आणून दिला असता."

दुसऱ्या डॉक्टरीणबाई. त्या इंजेक्शनं भरत होत्या आणि प्रत्येक उत्तराला सुई वर धरून बुडबुडा काढत होत्या.

"नर? मी कुठला नर नेला नाही. आणि आजारी खोलीत मी गेलेच नाही. साहेब म्हणाले, तुम्ही दिवसभर दहा पिंजऱ्यांत फिरता, तुमच्या बुटांबरोबर रोग आत जाईल, औषध मीच देतो. माझी किल्ली खणात. मी मात्र सांगते, ही चोरी आहे. पुस्तकातल्या गोष्टी पुस्तकात. रक्त तपासा म्हटलं, तर आपलं ते यंत्र दुरुस्तीला गेलेलं."

"कुणी पाठवलं?"

"साहेबांनी. चालत होतं हो चांगलं."

तिसरे साहेब. साहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि ड्रॉवरमधून डबा काढून केक पुढे केला. भाचीने डबा असा पाहिला, जणू त्यातून नाग निघाला. साहेबांनी कुणाला कधी बिस्किटसुद्धा विचारलेलं तिला आठवत नव्हतं.

"घ्या, घरचा आहे. मी नाही खात. अंडं सोडलंय मी."

"डॉक्टरांनी सांगितलं?" मामा तोंड भरून म्हणाला.

"नाही. असंच. मन होईना."

"बाईसाहेब कशा दिसायच्या, साहेब?"

साहेबांनी डोळे मिटले. "पाठीवरचे पट्टे मानेपाशी दाट होत जातात. डावीकडच्या पंखात एक पीस उलटं. डोळा नारिंगी, त्यात उजव्या डोळ्यात बारीक तपकिरी ठिपका. दाणे आधी पायाने पसरते आणि मग सर्वांत लांबचा दाणा आधी टिपते. मान वाकडी करून ऐकते. बोलणं समजत नाही, पण सूर समजतो."

 साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. रुमालाबरोबर चारपाच दाणे टपटप खाली पडले. मामाने दुसरा तुकडा उचलता उचलता एक दाणाही उचलला.

बाहेर आल्यावर भाची त्याच्या अंगावर धावून गेली. "केक काय खातोस? उद्या समिती आहे!"

"ठमे," मामा दाणा उजेडात धरत म्हणाला, "या माणसाची छत्री हरवलेली नाही."

५

"पण पुरावा काय?" भाची खोलीत येरझाऱ्या घालत होती. "तुझ्या छत्र्या समितीपुढे चालत नाहीत. साहेब म्हणतात ही कोंबडीच बदलली. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. माझंच शास्त्र! माझ्याच प्रबंधातली पानं त्यांनी सकाळी म्हणून दाखवली. तुरा, पिसं, काटा, आवाज, त्याच क्रमाने."

"त्यांनी आतलं सगळं सांगितलं. बाहेरचं काय?"

"बाहेरचं म्हणजे?"

"मला काय माहीत? मी छत्र्यांवाला. आतल्या काड्या बघायच्या आधी आम्ही कापड बघायचो." मामाने खिशातलं पीस काढून टेबलावर टाकलं. "तुमच्या या संस्थेत कुणी कोंबडी बाहेरून बघतं की नाही?"

भाचीने सवयीने हातातलं पीस भिंगावरून फिरवलं आणि मधेच थांबली.

तिने दोन्ही पिसं शेजारी ठेवली. एक बाईसाहेबांचं, एक कोंबड्याचं. दोन्ही पंखातली.

बाईसाहेबांच्या पिसावर काळं जास्त, पांढरी रेघ बारीक. कोंबड्याच्या पिसावर पांढरा पट्टा काळ्याइतकाच रुंद.

"अगं बाई," भाची खाली बसली. दिवसभरात पहिल्यांदाच. "आम्ही गाढव आहोत."

"सगळे?"

"सगळे. आम्ही गर्भवाले. अंड्यात कोंबडी असते तोवर आम्हाला तिची पेशी न् पेशी पाठ. ती बाहेर आली की आम्ही तिच्याकडे बघतच नाही." ती भराभर बोलायला लागली. "पट्ट्यांचा गुण नराला आईबाप दोघांकडून मिळतो, म्हणजे दुप्पट. मादीला फक्त बापाकडून, म्हणजे एकपट. दुप्पट असला की पांढरं जास्त, म्हणून या जातीत नर उजळ असतो. आता समज बाईसाहेब खरंच बदलल्या. रक्तातला रस बदलला की पिसाचा आकार बदलेल, शेपटी वळेल, तुरा वाढेल. पण पट्टा किती रुंद, हे रस ठरवत नाही. तो हिशेब अंड्यात पहिल्या पेशीपाशीच झालेला असतो. बदललेली कोंबडी कोंबड्यासारखी दिसेल, पण गडद कोंबड्यासारखी. हा उजळ आहे, मामा! हा कधी कोंबडी नव्हताच!"

"मग हा कोण?"

भाची दाराकडे धावली. "दादांना बोलाव. डॉक्टरीणबाईंनाही बोलाव. आणि दादांना सांग, नाडीवाले बूट घालून या."

६

दादा व्हरांड्याच्या टोकाशी येऊन घुटमळले. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या. भाचीने दार उघडलं.

कोंबड्याने दादांना पाहिलं, पंख फुलवले आणि खोलीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत धावत येऊन त्यांची नाडी चोचीत पकडली.

"अरे हवालदार!" दादांचा चेहरा उजळला. "कुठे होतास रे मेल्या?" आणि लगेच चेहरा पडला. "ताई, म्हणजे आता हा माझ्याच पिंजऱ्यातला निघाला."

"मी काय म्हणत होते!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बरोबर म्हणत होतात," मामा म्हणाला. "अदलाबदल झाली. म्हणूनच ती तुम्ही केलेली नाही. चोराला 'कोंबडीचा कोंबडा झाला' अशी तयार सबब मिळाली असताना तो चोरी चोरी म्हणून ओरडेल कशाला? आणि दादांना किल्ली नाही. झरोक्यातून कोंबडी बाहेर यायची नाही आणि हा हवालदार आत जायचा नाही."

"मग राहिलं कोण?" असं म्हणता म्हणता डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"सुई लावू दिली नाही कुणी? चांगलं यंत्र दुरुस्तीला पाठवलं कुणी? एरवी दाणे खिशात घेऊन कोण फिरतं? आणि अंडं सोडलेल्या माणसाच्या घरी केक होतोच कसा?"

शेवटच्या वाक्यावर भाचीने मामाचा दंड धरला. ती एकदम पांढरीफटक पडली.

"मामा. केक. तो केक कुठल्या अंड्यांचा होता?"

मामाचा हात आपोआप पोटावर गेला.

७

साहेब ऑफिसातून कधीच निघून गेले होते. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. भाची पळत होती, मामा मागे धापा टाकत येत होता, त्याच्या मागे दादा, आणि दादांच्या कुशीत हवालदार, कारण त्याने नाडी सोडली नव्हती.

दार साहेबांच्या बायकोने उघडलं. तिने रांगेकडे एकदा पाहिलं.

"आलात? बरं झालं," ती म्हणाली. "मी रोज सांगत होते, लपणार नाही हे. आत या. पाय पुसा. सोफ्यावर बसू नका, तो तिचा आहे."

सोफ्यावर, चौकोनी उशीवर, बाईसाहेब बसल्या होत्या. काळ्या, गडद, बारीक रेघांच्या. त्यांनी भाचीकडे असं पाहिलं, की भाचीला आपण काहीतरी चुकलोय असं वाटलं. शेजारी साहेब. हातात उघडं पुस्तक, पण ते कोंबडीकडे वळवलेलं.

 साहेबांनी पुस्तक मिटलं.

"खोकला होता. औषध द्यायला जायचो. पहिल्या दिवशी चोच मारली. नंतर मान इथे ठेवून झोपायला लागली." त्यांनी मनगट दाखवलं. "आयुष्यभर मी गर्भ कापले. अंड्यातले. बाहेर आलेल्याशी कधी ओळखच झाली नव्हती."

"मग सही मागे घ्यायची!" भाचीचा आवाज फाटला. "मी हातापाया पडत होते तेव्हा!"

"सही मागे घ्यायची तर कारण लिहावं लागतं. काय लिहू? मांडीवर बसते?"

"आणि दादांचं काय? उद्या त्यांच्यावर आळ आला असता."

साहेबांनी दादांकडे पाहिलं. पहिल्यांदाच, काचेवर न ठेवता. "हा कोंबडा इतके दिवस एका मित्राकडे होता, काल रात्रीच त्या खोलीत सोडला. मला वाटलं, निसर्गावर ढकललं की कुणाचंच नाव येणार नाही. बाई चोरी म्हणतील हे डोक्यातच आलं नाही. चुकलंच."

"आणि माझं काम? मला कधी सांगणार होतात?"

"निवृत्त झाल्यावर," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

भाची स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या साहेबांच्या बायकोकडे वळली. तिला विचारायचं धाडस होईना. "ही... अंडी घालते?"

"घालते की. लहान लहान. फेकवत नाहीत. मी केकमध्ये घालते."

भाचीने भिंत धरली. करड्यांचा वंश. तिच्या हाताने थेंब थेंब सोडलेला. ओव्हनमध्ये, वर बदाम लावून. तिच्या डोळ्यांसमोर काळोख आला, आणि त्या काळोखातून हळूहळू एक विचार वर आला.

"घरात कोंबडा नाही ना?"

"हे एक आहेत," बायको साहेबांकडे बघत म्हणाली. "पण ते नुसते पुस्तक वाचतात."

भाची हसायला लागली. तिला थांबताच येईना. "कोंबड्याशिवायची अंडी! त्यांतून कधी काही निघणारच नव्हतं. आणि डावं अंडाशय ठणठणीत आहे म्हणून तर ती अंडी घालतेय. मामा, तू खाल्लास तो नुसता केक होता."

मामाने सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई. दोन तुकडे खाल्ले होते. मला वाटलं, एक आख्खी जात संपवली."

हवालदाराने नाडी सोडली, बाईसाहेबांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसला. भाचीने झटकन त्यांच्या मधे उभी राहून दोन्ही हात पसरले.

"दादा, याला आधी बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता!"

८

दुसऱ्या दिवशी समितीपुढे साहेब उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी रात्रीपासून पाठ केलेलं साहेबांविरुद्धचं भाषण त्यांना म्हणावंच लागलं नाही.

"हा कोंबडा आहे," साहेब पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "जन्मापासून कोंबडा आहे. मीच ठेवला, कडंही मीच चढवलं. दाणेवाल्यांचा यात काडीचा संबंध नाही. कोंबडी ही."

त्यांनी टोपलीचं झाकण काढलं. बाईसाहेब बाहेर आल्या, टेबलावर पसरलेल्या समितीच्या कागदांवरून चालत गेल्या, आणि कुणाला न जुमानता साहेबांच्या मांडीवर जाऊन बसल्या. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दृश्य तेच होतं.

मग भाची उठली. तिने टेबलाला टेकून सांगितलं.

"करडा रंग आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. बाईसाहेबांच्या स्वतःच्या पेशींत तो नाही. त्यांना शेवटच्या करड्या कोंबड्याचं वीर्य दिलं आणि एक जरी करडं पिल्लू निघालं, तरी ते अंडं करडीचंच होतं, हे सिद्ध होतं. कापायची गरजच नाही. काप घेतलेत तर तुम्हाला पुरावा मिळेल आणि ज्याचा पुरावा हवाय तीच वस्तू जाईल. काप हवेत की कोंबड्या?"

अध्यक्षीणबाईंनी बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेबांनी मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"पिल्लं निघेपर्यंत थांबू," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "नाही निघालं, तर मात्र काप."

साहेबांची खुर्ची गेली. मांडी राहिली. दादांची नोकरी राहिली, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना बिननाडीचे बूट आणून दिले, काही न बोलता.

मग सुरू झाली ती उबवणी. भाची यंत्राच्या काचेला नाक लावून बसायची. अंडी फिरवायचं काम यंत्र आपोआप करायचं, तरी ती उठून बघायची फिरली का. पहिलं पिल्लू निघालं ते काळं, डोक्यावर पांढरा ठिपका. बाईसाहेबांचं स्वतःचं. दुसरंही तसंच. तिसरं बिनठिपक्याचं, पण काळंच. चौथं अंडं उघडलंच नाही. साहेब आता कुणीच नव्हते, म्हणून रोज येऊन व्हरांड्यात बाकावर बसायचे, मांडीवर टोपली घेऊन.

शेवटच्या अंड्याला सकाळी तडा गेला आणि तिथेच थांबला. भाचीने मामाला फोन केला. मामा आला, बसला, तिला बस म्हणाला, मग स्वतःच उठून फिरायला लागला. दादा झाडू मारत होते, एकच फरशी, पुन्हा पुन्हा.

दुपारी कवच दुभंगलं. ओलं, चिकट, काहीच रंग नसलेलं काहीतरी बाहेर आलं आणि दिव्याखाली पडून राहिलं. सगळे श्वास रोखून उभे. हळूहळू ते वाळत गेलं. लव फुलली.

मामाने यंत्राच्या काचेवर टकटक केलं, कचेरीची खिडकी असल्यासारखं.

"वस्तू सापडलीय," तो म्हणाला. "वर्णन सांग."

"राखेसारखं," भाची म्हणाली. "म्हणजे नाही, जरा निळसर... किंवा पाय तसे... थांब, डोळे तर... डोकं..." तिने डोळे पुसले, पुन्हा काचेतून पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं. "मला नाही सांगता येत रे, मामा."

मामाने मान डोलावली.

"घेऊन जा. तुझंच आहे."